पोर्टेबल हँड कंट्रोल: उचलून नेता येतं, पण कोणाला?

आज एका छोट्या वस्तूबद्दल लिहायचंय. दोन लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचे दांडे, प्रत्येकाच्या खालच्या टोकाला एक क्लॅम्प आणि वरच्या टोकाला हाताची मूठ. एक क्लॅम्प ब्रेकच्या पेडलला, दुसरा अॅक्सिलरेटरच्या. ज्यांचे पाय काम करत नाहीत ते हाताने दांडा ढकलून ब्रेक मारतात आणि दुसरा दांडा ओढून, ढकलून किंवा मूठ फिरवून रेस देतात. गाडीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग नाही, पाच-दहा मिनिटांत बसतं, निघतं, आणि पिशवीत घालून दुसऱ्या गाडीत नेता येतं. याला म्हणतात पोर्टेबल हँड कंट्रोल.

ही वस्तू विकताना तीन गोष्टी सांगतात: भोक पाडावं लागत नाही, कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीला बसते आणि स्वस्त पडते. तिन्ही बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. माझी तक्रार अशी की ब्रेकसारख्या वस्तूची परीक्षा या तीन प्रश्नांवर करायचीच नसते. मग कोणत्या प्रश्नांवर करायची, ते बघू.

आधी एक शंका बाजूला ठेवतो. हाताने गाडी चालवता येते का? येते. पोलिओने पाय गेलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची हाताने चालवायची १९३६ सालची फोर्ड गाडी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे दीपा मलिक यांचं उदाहरण आहे. छातीखालचं शरीर लुळं असताना त्यांनी बदल केलेल्या गाडीतून हिमालयातल्या रॅलीत भाग घेतला आणि पुढे २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदकही मिळवलं. तेव्हा वाद हाताने चालवण्याबद्दल नाही, तो या विशिष्ट दांड्यांबद्दल आहे.

इथे याची गरज कोणाला?

रायगडच्या किनाऱ्याचं उदाहरण घेतो, कारण ‘पोर्टेबल’ ही कल्पना जिथे जन्मली तिथला माणूस आणि इथला माणूस यांच्यात फरक आहे. तिकडे ही वस्तू मुख्यतः विमानाने दुसऱ्या गावी जाऊन भाड्याची गाडी घेणाऱ्यासाठी आहे. घरी त्याची स्वतःची, कायमचं कंट्रोल बसवलेली गाडी असतेच.

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन पट्ट्यात चित्र वेगळं आहे. भारतात मणक्याच्या दुखापतीची दोन मोठी कारणं म्हणजे उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात. नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या मुलखात ‘उंचावरून पडणं’ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. शिवाय पोलिओ झालेली एक अख्खी पिढी आहे. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, पण त्याआधी ज्यांना झाला ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, कमावते आहेत. यांच्यापैकी बहुतेकांचं वाहन म्हणजे मागे दोन जादा चाकं लावलेली बिनगिअरची स्कूटर. तिच्यात ब्रेक आणि रेस मुळातच हातात असल्यामुळे अडचण सुटते. पण जुलैच्या पावसात वडखळ-अलिबाग रस्त्यावर ट्रकच्या रांगेतून ती चालवणं, आणि मागे आईला बसवून दवाखान्यात नेणं, हे काय असतं ते चालवणाऱ्यालाच माहीत.

मुंबईला जायचं तर आणखी पंचाईत. गेटवे-मांडवा बोटी पावसाळ्यात बंद. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो २०२० मध्ये सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. दक्षिणेला आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी अशा फेरीबोटी गाड्या नेतात. म्हणजे गेल्या काही वर्षांत इथली जवळपास प्रत्येक नवी सोय ‘तुमची गाडी घेऊन या’ असं सांगणारी आहे. हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत तपासणीला जायचं असेल, तर स्वतः गाडी चालवता येणं आणि न येणं यात एक दिवसाचा रोजगार, एक सोबतीण आणि भाड्याच्या गाडीचे पैसे एवढा फरक पडतो.

त्यात घरात गाडी असते एकच. ती भाऊही चालवतो, मुलगीही चालवते. म्हणून काढता-घालता येणारं कंट्रोल इथे खरोखर हवंसं वाटतं. गरज खोटी नाहीच. म्हणूनच वस्तू नीट तपासायला हवी.

पहिला प्रश्न: जोर किती लागतो?

गाडीचा ब्रेक पायासाठी बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या ब्रेक नियमात प्रवासी मोटारीची चाचणी घेताना पेडलवर ६५ ते ५०० न्यूटन जोर गृहीत धरलेला आहे आणि तेवढ्यात किमान ६.४३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी गती कमी व्हायला हवी. ५०० न्यूटन म्हणजे साधारण ५१ किलोचं वजन. पायाला ते जमतं, मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत दांडगे. आता तेच एका हाताने, खांद्यापासून पुढे ढकलून करून बघा.

रोजच्या ब्रेकला इतका जोर लागत नाही, कारण बूस्टर मदत करतो. समजा जोरात ब्रेक लावायला पेडलवर २०० न्यूटन हवेत. कायम बसवलेल्या कंट्रोलमध्ये मध्ये एक तरफ असते. तिचं प्रमाण ३ ला १ असेल तर हाताला साधारण ६७ न्यूटन पुरतात, सुमारे ७ किलो. बदल्यात हात तिप्पट अंतर पुढे न्यावा लागतो. फुकट काही नाही, पण सौदा चांगला आहे.

पोर्टेबल दांडा बहुतेक वेळा सरळ ढकलायचा असतो, तरफ नसतेच. म्हणजे २०० हवेत तर २०० द्या. तेही दांडा पेडलच्या हालचालीच्या अगदी रेषेत असेल तर. पेडल खाली, पुढे. तुमचा हात वर, बाजूला. दांडा त्या रेषेशी ३० अंशांत असेल तर हाताला २३१ न्यूटन लावावे लागतात. ४५ अंशांत असेल तर २८३, जवळजवळ २९ किलो. त्यातून पेडल वर्तुळाच्या कमानीत फिरतं, म्हणजे जसं दाबाल तसा कोन बदलतो. एका गाडीत सोपा वाटलेला दांडा दुसऱ्या गाडीत जड वाटतो तो म्हणूनच. ‘कुठल्याही गाडीला बसतो’ म्हणजे क्लॅम्प बसतो. जोर बसतोच असं नाही.

जोर कमी पडला तर काय होतं, त्याचंही गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगात ६.४३ च्या मंदनाने गाडी सुमारे २२ मीटरमध्ये थांबते. निम्म्या मंदनाने ४३ मीटर. मधले २१ मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या दोन एसटी बस. आणि हे अंतर ब्रेक लागायला सुरुवात झाल्यानंतरचं आहे, विचार करण्याचा वेळ त्यात धरलेला नाही.

इंजिन बंद पडलं तर? बूस्टरमध्ये साठलेली मदत दोन-तीन वेळा दाबण्यापुरती उरते. त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. पायवाला माणूस उभा राहिल्यासारखा त्यावर जोर देतो. सरळ दांडा धरलेल्या हाताला तो पर्याय नाही. विकत घेताना हा प्रश्न विचारा: बूस्टर बंद असताना हा दांडा कितपत ब्रेक लावू शकतो? उत्तर आकड्यात मिळालं नाही तर ती चाचणी झालेली नाही असंच समजा.

दुसरा प्रश्न: शरीर कुठे धरलेलं आहे?

‘पाय न वापरता येणारे’ असा एकच गट करणं ही या विषयातली सगळ्यात मोठी ढिलाई. पोलिओ झालेल्याच्या पायात ताकद नसते, पण स्पर्श कळतो. पाय पेडलखाली अडकला तर लगेच समजतं. मणक्याला इजा झालेल्याला तेही कळत नाही. शिवाय त्याच्या पायाला अचानक आकडी येऊन तो ताठ होऊ शकतो आणि थेट अॅक्सिलरेटरवर जाऊ शकतो. कायमच्या कंट्रोलबरोबर पेडलसमोर एक आडपडदा बसवता येतो. दोन दांड्यांच्या पिशवीत तो बहुधा नसतो.

इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर धडही स्वतःला सावरत नाही. इथे एक मजेशीर, म्हणजे खरं तर घाबरवणारं भौतिकशास्त्र आहे. डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग होतो. ६० किलोच्या माणसाचा ४० किलो. गाडी ४ मीटर प्रति सेकंद वर्गाने मंदावली तर या भागावर १६० न्यूटन जोर पुढच्या दिशेने येतो. धड सावरणारे स्नायू नसतील तर त्यातला काही भाग दांडा धरलेल्या हातावरच पडणार. म्हणजे ब्रेक मारला, धड पुढे गेलं, हात आणखी पुढे ढकलला गेला, ब्रेक आणखी लागला. ओढून रेस द्यायच्या रचनेत हेच उलट: गाडी पुढे झेपावली, धड मागे गेलं, हात मागे ओढला गेला, रेस वाढली. अभियांत्रिकीत याला धन प्रतिसाद म्हणतात. नाव छान आहे, गोष्ट धोक्याची.

वळणावर तर हात हाच शरीराचा टेकू होतो. कार्ले खिंडीच्या वळणांवर उजवा हात स्टीअरिंगच्या नॉबवर, डावा दांड्यावर, धड एका बाजूला झुकलेलं. अशा वेळी दांड्यावर गेलेला जोर चालकाने दिलेला हुकूम आहे की शरीराचा तोल, हे गाडीला कळत नाही. उपाय साधा आहे: छातीवरून जाणारा रुंद पट्टा आणि बाजूने आधार देणारी सीट. पण हा उपाय दांड्यांच्या किमतीत धरलेला नसतो आणि तो पोर्टेबलही नसतो.

तिसरा प्रश्न: बसवतो कोण?

माझ्या मते या वस्तूवरची सगळ्यात मोठी टीका हीच आहे. क्लॅम्प बसतो पेडलला. पेडल असतं पायापाशी. तिथे हात पोचवायला कमरेत पूर्ण वाकून, डोकं स्टीअरिंगखाली घालून, स्क्रू घट्ट करावे लागतात. ज्याला धड सावरता येत नाही त्याला हे जमणं कठीण. मग बसवणार कोण? भाऊ, शेजारी, पार्किंगवाला.

म्हणजे स्वावलंबनाची वस्तू प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या हाताने सुरू होते. ते एक वेळ चालेल. आपण सगळेच कोणा ना कोणावर अवलंबून असतो. पण ब्रेकची बसवणी रोज वेगळा, न शिकलेला माणूस करतो आणि चालवणाऱ्याला ती डोळ्यांनी तपासताही येत नाही, हे चालणार नाही. कायमचं कंट्रोल एकदा बसतं, एकदा तपासलं जातं. काढघाल करणारं वर्षातून दोनशे वेळा बसतं आणि प्रत्येक वेळी ती नवीन बसवणी असते. त्यात पेडलवरचं रबर दबतं, खड्ड्यांतून स्क्रू सैल होतात, आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे आटे एका पावसाळ्यात गंजतात.

बनवणाऱ्यांना यावर उपाय सुचत नाही असं नाही. वरूनच, मुठीपाशी एक कळ दाबून घट्ट होणारा क्लॅम्प, नीट बसल्याचं दाखवणारी खूण आणि गंज न धरणारं स्टील. हे महाग पडेल. पण आज ‘स्वस्त’ म्हणून जे विकलं जातं त्याची उरलेली किंमत चालवणारा जोखमीत भरतोय.

संशोधन काय तपासतं?

हँड कंट्रोलवरच्या प्रयोगांत बरेचदा सिम्युलेटर असतो आणि त्यात धडधाकट तरुण स्वयंसेवक बसवून त्यांना पाय न वापरण्याची सूचना दिलेली असते. प्रतिक्रियेचा वेळ मोजायला हे ठीक. पण त्या स्वयंसेवकाचं धड त्याला सावरतं, पायाची आकडी त्याला येत नाही, आणि सिम्युलेटर बहुतेक वेळा हलतच नाही. वर सांगितलेला ‘ब्रेक, धड, हात, आणखी ब्रेक’ हा फेरा अशा प्रयोगात दिसूच शकत नाही. न दिसलेला धोका मग निष्कर्षात ‘फरक आढळला नाही’ होऊन येतो. असं वाक्य वाचाल तेव्हा आधी हे बघा, की फरक आढळण्याची सोय तरी प्रयोगात होती का?

कायदा: गाडीचा की माणसाचा?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आधी ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ असा शब्द होता. व्याख्येत स्पष्ट म्हटलं होतं की असं वाहन अपंगासाठी खास बनवलेलं हवं, नुसता बदल केलेलं चालणार नाही. ही कल्पना ब्रिटनमधल्या एकाच सीटच्या, फिकट निळ्या ‘इन्व्हाकार’ची आठवण करून देते. त्यात अपंग माणूस एकटाच बसायचा, बायकोमुलांना घेऊन जाणं शक्यच नव्हतं. सुरक्षेच्या कारणावरून २००३ मध्ये त्या गाड्या तिथल्या रस्त्यांवरून हटवल्या गेल्या.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने शब्द बदलून ‘अडॅप्टेड व्हेइकल’ केला आणि बदल केलेली गाडीही त्यात घेतली. कलम ५२ नुसार मालक आधी बदल करून मग नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेऊ शकतो. सुधारणा मोठी आहे, तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण दोन शब्दप्रयोग बघा. बदल करता येतो तो ‘स्वतःच्या मालकीच्या’ गाडीत. आणि अशी गाडी ‘फक्त त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठी’ वापरायची.

आता पोर्टेबल दांडे या चौकटीत बसवून दाखवा. गाडी भावाच्या नावावर असेल तर मालकीची अट अडते. मुलगी तीच गाडी कॉलेजला नेते, तर ‘फक्त’ अडतं. दांडे काढून ठेवल्यावर ती गाडी बदल केलेली की साधी? कायदा गाडीची नोंद करतो, आणि ही वस्तू तर माणसाबरोबर फिरते. परवानाही बदल केलेल्या वाहनापुरता मर्यादित करून देण्याची तरतूद आहे. पेणच्या आरटीओत उद्या कोणी पिशवीतून दांडे काढून ‘याच्यावर माझी चाचणी घ्या’ म्हणालं, तर अधिकाऱ्याला हो म्हणायला आधार काय आणि नाही म्हणायला आधार काय, हे कायदा नीट सांगत नाही. आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारणार, की हा बदल नोंदवला होता का?

दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४१ सरकारला सांगतं की परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक प्रवासासाठी योजना करा, आणि त्यात वाहनांत बदल करून देणं स्पष्ट लिहिलं आहे. एक कायदा म्हणतो मदत करा, दुसरा म्हणतो आधी गाडी स्वतःच्या नावावर करा. वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय पुण्यातच आहे. अशा दांड्यांसाठी एक साधं मानक ठरवणं अवघड नाही: किती जोर सहन करतो, किती वेळा काढघाल केल्यावर क्लॅम्प सरकत नाही, कोणत्या कोनात बसवायचा. ते झालं की परवान्यावर ‘मान्यताप्राप्त हँड कंट्रोलसह’ एवढं लिहून काम भागेल. नोंद माणसाची होईल, गाडीची नाही.

मग घ्यावं की नाही?

माझं मत सरळ सांगतो. ज्याने कायमच्या कंट्रोलवर गाडी चालवायला शिकलंय, ज्याचं धड सावरतं, ज्याची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि ज्याचा परवाना तसा आहे, त्याच्यासाठी हे दांडे दुसरं साधन म्हणून ठीक आहेत. पहिलं साधन म्हणून, नुकतं शिकायला, किंवा ‘बघू जमतं का’ म्हणून घेऊ नका. मानेच्या इजेमुळे मुठीतही जोर कमी असेल तर अजिबात नको. आणि क्लचच्या गाडीत तर विषयच संपला.

घेणारच असाल तर गाडी निवडतानाच विचार करा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून स्वस्त एएमटी गाड्या आल्या आणि बिनक्लचची गाडी आवाक्यात आली. पण हिल-होल्ड नसलेली एएमटी चढावर सुटताना मागे सरकते. फेरीबोटीच्या उतारावर, मागे पाणी असताना, एका हाताने ब्रेक सोडून त्याच हाताने रेस द्यायची म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. विजेच्या गाडीत रेस सोडताच मोटर गाडी हळू करते, रोजचा ब्रेक कमी मारावा लागतो, त्यामुळे हाताचे श्रम वाचतात. पण अचानक थांबायला दांडा लागतोच.

आणि विकत घेण्याआधी गाडी उभी असताना, मोकळ्या जागी हे करून बघा. इंजिन बंद करा, पेडल चार वेळा दाबून बूस्टर रिकामा करा आणि मग दांड्याने पूर्ण जोर द्या. क्लॅम्प सरकला का? दांडा वाकला का? हात पोचला का? तुम्ही सीटमधून घसरलात का? चारपैकी एकाचंही उत्तर ‘हो, सरकला’, ‘वाकला’, ‘नाही पोचला’ किंवा ‘घसरलो’ असं आलं, तर दुकानदाराला दांडे परत द्या.